फवारणीच्या आधीची हाक

पियुष, तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर बाबा. लाइट गेली तर गेली, आत्ता काही कुणाची वरात निघायची नाही. आणि ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच पोटभर हसून घ्यावं, मग मला मध्ये थांबवू नका. ही गोष्ट कानोकानी आलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो देवीदास माझ्यासमोर बाकावर बसून बोलत होता, आणि त्याच्या हातातल्या चहावर साय धरली तरी त्याने कप तोंडाला लावला नव्हता. मी तेव्हा मूर्तिजापूरच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. आठवड्यातून दोनदा तरी तो तिथे गाडी बदलायचा, म्हणून ओळख. चौदा वर्षांची ओळख म्हणजे काही थोडी नाही.

देवीदास अकोल्याचा. डाबकी रोडला दोन खोल्या, आणि धंदा पेस्ट कंट्रोलचा. लोक त्याला झुरळवाला म्हणायचे. त्याला राग नसे. ‘झुरळाच्या भरवशावरच तं पोट भरून राहिलो,’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण हात फार जपून काम करणारा. म्हणून अंगणवाड्या, पाळणाघरं, खेड्यातल्या शाळा त्यालाच बोलवायच्या. मोठ्यांच्या घरात औषध थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं, लेकरं मात्र भिंतीला हात लावून तोच हात तोंडात घालतात.

अशी कामं शनिवारी संध्याकाळी करायची, म्हणजे रविवारभर खोली बंद राहते आणि सोमवारी धुऊन पुसून मोकळी करता येते. शनिवारी संध्याकाळी बाकीच्या कामकऱ्यांना घरची ओढ असते, देवीदासला नव्हती. त्याची बायको माधवी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ते सालच तसं होतं, तुम्हाला सांगायला नको. मूलबाळ झालं नव्हतं. घरी गेल्यावर त्याचं कुलूप त्यानेच उघडायचं आणि दिवाही त्यानेच लावायचा. तो मला एकदा म्हणाला होता, ‘कंट्रोलर सायेब, दिवसा शंभर जण नाव घेतेत. अंधार पडला की मले कोणी हाकच मारत नाई.’ मी त्याला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं.

त्याला हे काम नत्थुजी नावाच्या उस्तादाने शिकवलं होतं. उस्तादाचा एक नियम होता. लेकरांच्या खोलीत पंप उचलायच्या आधी दारात उभं राहून तीन हाका द्यायच्या. घाईघाईत एका दमात नाही. एक हाक द्यायची, थांबायचं, मग दुसरी, मग तिसरी. आणि मगच औषधाला हात लावायचा. असं का, हे देवीदासने कधी विचारलं नाही. उस्तादाला कारण विचारायची आपल्याकडे रीत नाही. तीस वर्षं तो तीन हाका देत आला आणि तीस वर्षं रिकाम्या खोल्या गप्प राहिल्या.

तर तो दिवस शनिवार, १२ नोव्हेंबर २०२२. संकष्टी होती. गाव दर्यापूरच्या वाटेवरचं, फाट्यापासून एक किलोमीटर आत. नाव सांगणार नाही, कारण तिथे आजही लेकरं त्या अंगणवाडीत जातात. त्या आठवड्यात तिथल्या खिचडीत झुरळ निघालं होतं. मग काय, आया चिडल्या, अर्धी लेकरं यायची बंद झाली आणि सेविका ललिताबाईंनी देवीदासला फोन लावला.

तो पाचला पोचला. ललिताबाईंच्या बहिणीचा दर्यापूरला साखरपुडा होता, त्या किल्ली हातात देऊन निघाल्याच. जाता जाता म्हणाल्या, ‘भाऊ, सोमवारी मले एकही झुरळ दिसाले नाई पाह्यजे. नाई तं गाव मले झाडूनं मारीन.’

अंगणवाडी गावाबाहेर होती. एक मोठी खोली, तिला लागून स्वयंपाकाची आणि तांदळाच्या कोठ्यांची अशा दोन लहान खोल्या. मागे कपाशीचं वावर. पुढच्या मैदानात पाच-सहा पोरं खेळत होती. देवीदासने ताटल्या, खेळणी, सतरंज्या, पाण्याची टाकी, सगळं एकेक करून व्हरांड्यात आणलं आणि प्लास्टिकखाली झाकलं. खिडक्या लावल्या. मग औषध कालवायला पाणी हवं म्हणून तो बादली घेऊन हातपंपावर गेला. पंप लांब, वरून चार हात मारल्याशिवाय पाणी न देणारा. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. तेवढा वेळ अंगणवाडीचं दार सताड उघडं होतं.

परत आला तेव्हा अंधार पडला होता. मैदानात कोणी नव्हतं. साडेसातची गाडी चुकली तर रात्र फाट्यावर काढावी लागणार होती. त्याने दारात उभं राहून हाक दिली, ‘कोणी हाय का रे आत?’

उत्तर आलं नाही.

दुसरी हाक त्याने दिलीच नाही. घड्याळ पाहिलं, तोंडाला फडकं आणि कपाळाला बॅटरी बांधली आणि पंप खांद्यावर घेतला. आधी स्वयंपाकाची खोली, मग तांदळाची, शेवटी मोठी खोली. चारही भिंतींच्या कडा, कोपरे, कपाटामागची फट, फरशी, काही सोडलं नाही. मध्येच काहीतरी खुडबुडलं. उंदीर असेल म्हणून त्याने तिकडे दोन फवारे जास्तच मारले. दार ओढलं, कुलूप घातलं, दारावर कागद चिकटवला, ‘औषध मारले आहे, सोमवारपर्यंत आत येऊ नये’, आणि फाट्याची वाट धरली.

फाट्यावर शेषराव म्हणून एकाचा चहाचा टपरा होता. शेषराव पाठमोरा बसून भांडी घासत होता. देवीदास म्हणाला, ‘भाऊ, चहा हाय का?’

शेषराव हलला नाही. देवीदासने पुन्हा विचारलं. शेषराव भांडंच घासत राहिला. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा तो वळला आणि एकदम गोड हसला. ‘हाय ना भाऊ. बसा ना.’

‘कानानं कमी येते का तुमाले?’

‘कानाले काय धाड भरली? पयलीच हाक आयकू आली. पण दिवेलागणीच्या नंतर आमच्या गावात पयल्या हाकेले कोणी ओ देत नाई. दुसरीलेही नाई. तिसरीले द्याचा. ज्याच्यात जीव नाई, त्याच्यानं तीनदा हाक मारणं होत नाई म्हणतेत.’

देवीदासलाही हे माहीत होतं. लहानपणी त्याच्या आजीनेही सांगितलं होतं. अकोल्याच्या ट्रॅफिकमध्ये ते कधीच विरून गेलं होतं, इतकंच. चहाचा ग्लास हातात घेत त्याने सहज म्हणून विचारलं, ‘अन् लेकरं?’

‘लेकरायले तं बोलता आलं की हेच शिकोतो आमी. अंधार पडला की तिसऱ्या हाकेबिगर तोंड उघडाचं नाई. खुद मायनं बलावलं तरी नाई.’

देवीदासच्या हातातला ग्लास तसाच राहिला. उस्तादाच्या तीन हाका कशासाठी होत्या ते त्याला तीस वर्षांनी कळलं, आणि ज्या संध्याकाळी कळायला नको होतं त्याच संध्याकाळी कळलं. दार पंधरा मिनिटं उघडं होतं. मैदानात पोरं होती. त्याने हाक एकच दिली होती.

आणि आत काहीतरी खुडबुडलं होतं.

त्याने शेषरावला सगळं सांगितलं. शेषरावने स्टोव्ह बंद केला. ‘तुमी किल्ली घेऊन पया,’ तो म्हणाला, ‘मी सायकलनं गावात जातो. आज संकष्टी हाय, चंद्राची वाट पाहत सारे आंगणातच हाय. ललिताबाईले फोन लावतो, त्या एकेक नाव सांगतीन अन् मी घरोघर लेकरू पाहतो. तुमचा नंबर द्या, एक जरी कमी असन तं फोन करतो.’

तेवढ्यात गाडीचे दिवे दिसले. साडेसातची गाडी. पोरांनो, त्या गाडीचा कंडक्टर मला दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाला, की फाट्यावर एक माणूस पंप टाकून गाडीच्या उलट्या दिशेने पळत होता. ‘मी दोनदा घंटी मारली, तो थांबला नाही,’ असं तो कंडक्टर म्हणाला.

एक किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी. वय पंचावन्न. पळता पळता देवीदास एकच हिशेब करत होता. कुलूप घालून किती वेळ झाला? तीस मिनिटं? चाळीस? लहान जीव बंद खोलीत किती वेळ तग धरतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? झुरळांसाठी तो हाच हिशेब रोज करायचा.

दारापाशी आला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. किल्ली भोकात जाईना. आणि त्याला वाटलं, आधी हाक द्यावी. लेकरू घाबरलेलं असेल, दार एकदम उघडलं तर कोठीमागे दडून बसेल.

‘कोणी हाय का रे आत?’

काही नाही.

तो थांबला. दहा आकडे मोजले.

‘कोणी हाय का?’

काही नाही... कपाशीत वारा फिरला, तेवढंच.

‘बाळा... कोणी हाय का आत?’

‘ओ.’

बारीक आवाज. तीन-चार वर्षांचा. शाळेत हजेरी देतात ना, तसा.

देवीदास म्हणाला, ‘त्या क्षणाले मी सुखावलो वो. जिवंत हाय, एवढंच वाटलं.’ त्याने कुलूप उघडलं, दार ढकललं, औषधाचा भपका अंगावर आला. भिंतीवर चाचपून त्याने ट्यूब लावली. लख्ख उजेड पडला.

खोली रिकामी होती.

कपाटामागे पाहिलं. कपाटाच्या आत पाहिलं. तांदळाच्या दोन्ही कोठ्यांची झाकणं काढली, तांदळात कोपरापर्यंत हात घातला. ओट्याखाली वाकला. खिडक्यांना आतून कड्या होत्या. तो परत मोठ्या खोलीत येऊन मधोमध उभा राहिला.

‘लपू नको बाळा. मी मारत नाई. ये.’

काही नाही.

‘ये ना.’

काही नाही.

‘कुठी हायेस तू?’

‘ओ.’

कोपऱ्यातून. बाराखडीच्या तक्त्याखालून. आणि देवीदास त्या वेळी त्याच कोपऱ्याकडे पाहत होता. ट्यूब बरोबर त्या कोपऱ्यावर होती. तिथे भिंत होती, फरशी होती. दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. शेषराव. तिकडून बायकांचे आवाज, घंटी, आरती ऐकू येत होती. चंद्र निघाला होता.

‘भाऊ, घाबरू नका. अंगणवाडीतले बावीसच्या बावीस लेकरं घरी हाय. म्या डोयानं पाह्यले. वरचे मोठे पोट्टेही पाह्यले, दोनी पुऱ्यातले. पाव्हण्या-रावळ्याचेही पाह्यले. गावात एकही लेकरू कमी नाई. आयकून राहिले ना? एकही कमी नाई. या आता फाट्यावर, चहा ठेवतो.’

फोन बंद झाला.

एकही कमी नाही... देवीदासने मोबाइल खिशात ठेवला. बावीसच्या बावीस. गावाचे दोन्ही पुरे, दोन्ही वस्त्या.

मग...

कोपऱ्यात कोणीतरी खोकलं.

त्याला वाटलं, आपणच. औषध त्याच्याही घशात गेलं होतं. त्याने तोंडावर हात दाबला. श्वास धरला. डोळे मिटले.

पुन्हा खोकला आला. लहान. कोरडा. दाबलेला. कोणी रागावेल म्हणून दाबतात तसा.

पाय पळायला तयार होते. तो मला खोटं सांगू शकला असता, पण म्हणाला, ‘सायेब, मी दारापर्यंत गेलो. उंबऱ्यावर एक पाय भायेर होता माया.’ आणि तिथेच तो थांबला. कारण तो खोकला भुताचा असो की कोणाचा असो, औषध त्याने मारलं होतं. जिच्यात कोणीच नाही अशा खोलीत मारलं असतं तर गोष्ट वेगळी. विचारायचं होतं तीनदा, त्याने विचारलं एकदा.

तो परत आत गेला. सगळ्या खिडक्या उघडल्या. दोन्ही पंखे लावले. बादलीतलं उरलेलं पाणी दारात शिंपडलं. मग उंबऱ्यावर बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

‘बाळा, दार उघडं हाय. जाय घरी.’

खोकला.

‘तुयं घर कुठी हाय?’

काही नाही.

‘तुयी माय वाट पाहत असन ना रे...’

काहीच नाही. पंखे फिरत होते. देवीदासला तेव्हा रडू आलं. भीतीने नाही. त्याच्या लक्षात आलं, की गावात आत्ता घरोघर मोजणी झाली, चंद्राच्या उजेडात एकेका लेकराच्या डोक्यावर हात ठेवून झाली, आणि ती बरोबर भरली. या लेकरावाचून ती बरोबर भरली. शेषरावला आनंद झाला, ललिताबाईंना झाला, सगळ्या आयांना झाला. कोणाला काही कमी पडलं नाही. उद्या आपण डाबकी रोडला पोचलो नाही तर तिथलीही मोजणी अशीच बरोबर भरेल, हे त्याला स्वच्छ दिसलं.

‘बरं,’ तो म्हणाला. ‘नको जाऊ. मी बसतो इथी.’

दीड वर्षात त्याने हे कोणाला म्हटलं नव्हतं.

नऊला शेषरावचा फोन आला, त्याने उचलला नाही. दहाला पुन्हा आला, तेव्हा एवढंच म्हणाला, ‘तुमी निजा. मी खोली मोकळी करून राहिलो.’ आतला खोकला चालूच होता. मध्ये पाव तास थांबायचा. मग पुन्हा. बारा... साडेबारा... थंडी वाढली. देवीदासने अंगातला स्वेटर काढून आत सरकवला. तो जिथे पडला तिथेच राहिला.

देवीदास बोलत राहिला. काय बोलला ते त्याला आठवत नव्हतं. माधवीबद्दल बोलला, एवढं आठवत होतं.

अडीचच्या सुमाराला खोकला थांबला.

पाव तास झाला.

अर्धा तास...

त्याला हाक द्यायची होती. तीन हाका. ओठांवर आली होती पहिली. पण तिसऱ्या हाकेला ओ आली, तर काय करायचं? आणि नाही आली, तर...

त्याने हाक दिली नाही. उजाडेपर्यंत तो उंबऱ्यावर बसून राहिला. आतून पुन्हा आवाज आला नाही. बाहेर कोणी गेलं असेल तर त्याच्या अंगावरूनच गेलं असतं. काही जाणवलं नाही, म्हणाला.

सकाळच्या पहिल्या गाडीने ललिताबाई आल्या, फाट्यावरून शेषरावला सोबत घेऊन. देवीदास उंबऱ्यावर नुसत्या सदऱ्यावर बसलेला, डोळे लाल. ललिताबाई घाबरल्या, मग आत डोकावल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

‘बाप्पा! एवढे होते?’

फरशीभर झुरळं उलटी पडली होती. शेकड्यांनी. रात्रभर फटींतून निघून निघून मेली होती. पाय टाकायला जागा नव्हती. औषध वाळून सगळ्या फरशीवर पांढुरका थर बसला होता, पिठासारखा. ललिताबाईंनी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि दारापासून झाडायला सुरुवात केली. झाडत झाडत बाराखडीच्या तक्त्यापाशी गेल्या आणि थांबल्या.

‘भाऊ, इथं तुमी पुसलं का?’

देवीदास उठला. शेषरावही आत आला.

तक्त्याखाली, भिंतीला लागून, हातभर जागा स्वच्छ होती. पांढरा थर तिच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. झुरळं तिच्या आजूबाजूला पडली होती, आत एकही नव्हतं. मांडी घालून एक लहान लेकरू बसावं, बरोबर तेवढी जागा.

‘नाई,’ देवीदास म्हणाला. ‘म्या नाई पुसलं.’

बाहेर सायकलवरून कोणीतरी दूध घेऊन गेलं. नोव्हेंबरची सकाळ होती, खिडक्या रात्रभर उघड्या होत्या, पायाखालची फरशी बर्फासारखी गार पडली होती.

देवीदास खाली बसला. त्या जागेवर त्याने हळूच तळहात टेकवला.

फरशी कोमट होती.